दोन कोटी सातोशी आणि एक फोटो

गृहस्थ निवृत्त अभियंता होते, सोबत मुलगी होती. वहीत बिटकॉइन विकत घ्यायचे चार पर्याय नीट आखून आणले होते आणि प्रत्येकासमोर 'फी' असा रकाना. कार्डाने खरेदी, साडेतीन टक्के. एक मोबाइल अ‍ॅप, शून्य. एक्स्चेंज, म्हणजे बिटकॉइनच्या खरेदी-विक्रीचा बाजार, ०.२ टक्के. चौथा एक अनोळखी विक्रेता, बाजारभावापेक्षा तीन टक्के स्वस्त. म्हणजे तिथे फी द्यायची नाही, उलट मिळायचीच.

"यातलं स्वस्त कुठलं तेवढं सांगा, बाकीचं आम्ही बघतो," ते म्हणाले.

लोकांनी बिटकॉइन घेण्याआधी खर्च आणि धोका कागदावर मांडून देणं हे माझं काम. बहुतेक वह्यांत हा 'फी'चा रकाना असतो आणि बहुतेक वेळा तो दिशाभूल करतो. मी तो खोडला आणि दोन रकाने आखले: 'दिले' आणि 'आले'. बँकेतून किती पैसे गेले, आणि स्वतःच्या वॉलेटमध्ये, म्हणजे जिची गुप्त चावी आपल्याच हातात असते त्या डिजिटल थैलीत, किती सातोशी पडले. एका बिटकॉइनचे दहा कोटी सातोशी होतात. त्यांची रक्कम त्या घटकेच्या मधल्या भावाने जवळजवळ दोन कोटी सातोशींची होत होती, म्हणून हिशेबाला दोन कोटीच धरले. मधला भाव म्हणजे ऑर्डर बुकात, एक्स्चेंजवरच्या खरेदी-विक्रीच्या बोल्यांच्या यादीत, घेणाऱ्याची सगळ्यात चढी बोली आणि विकणाऱ्याचा सगळ्यात उतरता भाव, या दोन्हींचा मध्य. तो दोन-तीन मोठ्या एक्स्चेंजांवर पाहून ताळा घेतला. हा आकडा हाताशी नसेल तर कुणी सांगितलेला भाव महाग की स्वस्त, हे ठरवायला आधारच उरत नाही.

कार्डाचं पान उघडून खरेदीच्या शेवटच्या पायरीपर्यंत गेलो, बटण मात्र दाबलं नाही. साडेतीन टक्के फी लिहिलेली होतीच, पण दाखवलेला भावही मधल्या भावापेक्षा १.८ टक्क्यांनी चढा होता. दोन्ही धरून दोन कोटींचे साधारण १ कोटी ८९ लाख ५९ हजार सातोशी उरत होते. वर, क्रेडिट कार्डावरची अशी खरेदी काही बँका रोख उचल धरतात. तिला वेगळं शुल्क असतं आणि बिनव्याजी मुदत नसते, व्याज पहिल्या दिवसापासून लागतं. ते खरेदीच्या पानावर कुठेच दिसत नाही, महिनाअखेरच्या स्टेटमेंटमध्ये दिसतं.

'शून्य फी' अ‍ॅपवर त्यांचा जीव जडला होता. त्यात मी खरेदीचा आणि विक्रीचा असे दोन्ही भाव एकाच मिनिटात काढून बघितले. दोन्हींत चार टक्क्यांहून जास्त अंतर. खरेदीचा भाव मध्यापासून २.१ टक्क्यांनी वर, म्हणजे १ कोटी ९५ लाख ८९ हजार. फी शून्य हे खरंच होतं, कमाई भावात होती. मग मुलीला म्हटलं, यात बिटकॉइन बाहेर पाठवायचं बटण शोधा. तिने पाचेक मिनिटं शोधलं. मेनू, सेटिंग, मदतीचं पान. बटण नव्हतं. त्या अ‍ॅपमध्ये बिटकॉइन घेता येत होतं आणि त्यांनाच परत विकता येत होतं, एवढंच. 'आले'च्या रकान्यात तिने पेन्सिलीने शून्य लिहिलं. किमतीवर नुसता डाव लावायचा असेल त्याला हे चालतं. या गृहस्थांना नाणं दहा वर्षं स्वतःजवळ ठेवायचं होतं.

एक्स्चेंजचा हिशेब त्यामानाने सरळ. ०.२ टक्के फी गेली की १ कोटी ९९ लाख ६० हजार, त्यातून बाहेर काढण्याचे ठरावीक २० हजार वजा, म्हणजे १ कोटी ९९ लाख ४० हजार. इथे चुकण्याच्या जागा दोन. 'झटपट खरेदी' नावाचं मोठं रंगीत बटण त्याच एक्स्चेंजवर असतं आणि त्याचा भाव वरच्या अ‍ॅपसारखाच फुगवलेला असतो. खरी ऑर्डर बुक बहुधा 'ट्रेड' किंवा 'स्पॉट' या पानामागे असते. तिथे मार्केट ऑर्डर, म्हणजे मिळेल त्या भावाने खरेदी, टाकली आणि त्या जोडीत (बिटकॉइन आणि ज्यात पैसे देतो ते चलन) उलाढाल पातळ असली, तर ऑर्डर वरच्या वरच्या भावांच्या विक्रीच्या बोल्या खात जाते. लिमिट ऑर्डर टाकली की आपण ठरवलेल्या भावापलीकडे ती जात नाही. दुसरी जागा म्हणजे आधी स्टेबलकॉइन (डॉलरसारख्या चलनाला भाव बांधलेलं नाणं) घ्यायचा आणि मग त्यावर बिटकॉइन. यात फी दोनदा लागते. थेट जोडीत पुरेशी उलाढाल असेल तर हा वळसा घ्यायचं कारण नाही.

चौथ्या विक्रेत्याचे मेसेज मुलीच्या फोनवर होते. माणसांनी माणसांना नाणी विकायच्या एका मंचावर जाहिरात, पण दुसऱ्याच वाक्यात 'इथे फी लागते, आपण बाहेर बोलू'. पैसे पाठवायला दिलेलं खातं तिसऱ्याच माणसाच्या नावाचं. "आमच्या हिशेबनिसाचं खातं आहे म्हणतात," मुलगी म्हणाली. ज्याला ऑर्डर बुकात पूर्ण भाव मिळतो तो तीन टक्के सोडून का देईल, या प्रश्नाला सहसा दोन उत्तरं असतात. एक, नाणं द्यायचंच नाही. मंचावर सौदा झाला तर विक्रेत्याची नाणी मध्ये अडकवून ठेवलेली असतात आणि पैसे पोचल्यावर सुटतात. बाहेर बोललो की ती अडकवणूकच राहत नाही. दोन, नाणं मिळतं, पण ते खातं कुणा फसवल्या गेलेल्याच्या पैशाचा रस्ता असतं. तपास सुरू झाला की त्या साखळीत आपलं नाव निघतं आणि आपलं बँक खातं गोठतं. माणसाकडून माणसाला खरेदी करायचीच असेल तर मंचावरचं नाव आणि बँक खात्याचं नाव एकच हवं, पैसे आपल्याच खात्यातून जायला हवेत, आणि पैसे पाठवल्यावर सौदा 'रद्द करा' असा कितीही आग्रह झाला तरी रद्द करायचा नाही. रद्द केला की अडकवलेली नाणी विक्रेत्याकडे परत जातात.

उरलं एक्स्चेंज. तिथे खातं मुलीने आठवड्यापूर्वी वडिलांच्या नावाने उघडलं होतं. नियामकाच्या संकेतस्थळाचा पत्ता हाताने टाइप करून यादीत कंपनीचं नाव पाहिलं होतं, आणि थोडी रक्कम भरून पुन्हा बँकेत काढूनही बघितली होती. हे मी फोनवरच सांगून ठेवलेलं असतं. एक खरं, की थोडी रक्कम बाहेर निघाली म्हणून मंच खरा ठरत नाही. बनावट मंच पहिली रक्कम मुद्दाम लगेच देतात आणि मोठी अडवून 'आधी कर भरा' म्हणतात. म्हणून नोंदणी आणि रक्कम काढणं, दोन्ही बघायचं. ओटीपी एसएमएसवर येत होता, तो बदलून ऑथेंटिकेटर अ‍ॅपवर घेतला. आपल्या नंबराचं सिम चोराने काढून घेण्याचे प्रकार होतात.

"मग तिथेच राहू दे ना नाणी. काढायचे वीस हजार सातोशी तरी वाचतील," गृहस्थ म्हणाले. मुद्दा अगदीच चुकीचा नव्हता. ते पुढे दर महिन्याला दोन लाख सातोशींची खरेदी करणार होते. दर महिन्याला बाहेर काढलं तर दोन लाखांवर वीस हजार, म्हणजे नुसते काढण्यातच दहा टक्के जातात! शिवाय असा प्रत्येक छोटा भरणा वॉलेटमध्ये सुट्ट्या नोटेसारखा वेगळा राहतो आणि पुढे खर्च करताना प्रत्येकाची वेगळी जागा मोजावी लागते. नेटवर्कचं शुल्क रकमेवर नसतं, व्यवहाराने किती बाइट व्यापले त्यावर असतं. सध्याच्या साध्या पत्त्यांवर असा एक तुकडा सुमारे ६८ व्हर्च्युअल बाइट घेतो. दर बाइटला ५० सातोशी भाव असेल तर तुकड्यामागे ३,४०० सातोशी.

पण एक्स्चेंजवर दिसणारा आकडा हे त्या कंपनीने आपल्याला दिलेलं वचन असतं, नाणं तिच्या चाव्यांत असतं. माउंट गॉक्स २०१४मध्ये बुडालं आणि एफटीएक्स नोव्हेंबर २०२२मध्ये. दोन्हींकडे आधी पैसे काढणं बंद झालं, आणि पडद्यावर शिल्लक मात्र पूर्ण दिसत राहिली. 'आमच्याकडे साठा आहे' असे पुरावे आता बरीच एक्स्चेंज देतात. त्यात त्या दिवशीची नाणी दिसतात, देणी पूर्ण दिसतीलच असं नाही. शेवटी ठरलं ते असं: आत्ताची मोठी रक्कम काढायची, महिन्याची खरेदी दहा महिने साठू द्यायची आणि मग एकदम काढायची. वीस लाखांवर वीस हजार, म्हणजे एक टक्का. तेवढ्या रकमेचा धोका त्यांनी डोळसपणे पत्करला. मला स्वतःला सहा महिने पटले असते.

पैसे बँकेतून भरले. संदर्भ क्रमांक विसरला की पैसे बेवारस पडून राहतात, म्हणून तो दोघांनी वाचून दाखवला. लिमिट ऑर्डर चाळीस मिनिटांत दोन तुकड्यांनी भरली. आता हार्डवेअर वॉलेटचा, म्हणजे चावी आत ठेवणाऱ्या छोट्या यंत्राचा, पत्ता नोंदवायचा. नवा पत्ता नोंदवला की त्या एक्स्चेंजवर २४ तास काही बाहेर जात नाही. ही अडवणूक आपल्याच भल्याची, चोर आत शिरला तरी त्याला तेवढं थांबावं लागतं.

गृहस्थांनी वॉलेट घरी सुरू करून आणलं होतं. सुरू करताना यंत्र जे चोवीस शब्द देतं ते कुठे लिहिलेत, विचारलं.

"बाबा, दाखवा ना त्यांना. फोनमध्ये फोटो आहे," मुलगी सहज म्हणाली.

त्यांनी फोन पुढे केला तसा मी हाताने आडवा केला. ते चोवीस शब्द म्हणजेच वॉलेट. यंत्र हरवलं तरी चालतं, पण शब्द ज्याच्याकडे गेले त्याची नाणी.

"डिलीट करतो की, त्यात काय."

फोटो क्लाउडवर चढला होता. आणखी कुठल्या यंत्रावर उतरला, कुठल्या अ‍ॅपला गॅलरी बघायची परवानगी आहे, हे आम्हाला तिघांनाही सांगता येत नव्हतं. एकदा फोटो निघाला की ते शब्द बाद. वॉलेट पुसून नवे चोवीस शब्द काढले, कागदावर पेनाने लिहिले. मग त्यांना न आवडलेली पायरी: यंत्र पुन्हा पुसायचं आणि कागदावरून परत उभं करायचं. पहिला पत्ता तोच निघाला तर कागद बरोबर.

यंत्राने कागद नाकारला. हे शब्द २०४८ शब्दांच्या ठरलेल्या यादीतले असतात आणि शेवटच्या शब्दात पडताळणीचा भाग असतो. चोवीस शब्दांत चूक असली तर २५६ वेळांत सरासरी एकदाच ती निसटते. पहिली चार अक्षरं वेगळी असल्याने यादीतले दोन शब्द एकमेकांत मिसळत नाहीत, पण एखादं अक्षर लिहायचं राहिलं तर यादीतलाच दुसरा शब्द होऊ शकतो. आम्ही सगळे पुन्हा वाचत गेलो. सतराव्या जागी 'वर्ड' होतं. ते म्हणाले, पडद्यावर 'वर्ल्ड' होतं बहुतेक, मधला एल राहिला. वॉलेट रिकामं होतं म्हणून ते 'बहुतेक' तिथेच सोडता आलं. तिसऱ्यांदा नवे शब्द काढले, आणि या वेळी लिहिताना मुलगी एकेक अक्षर मोठ्याने म्हणत होती. कागदावरून उभं केलेल्या वॉलेटचा पत्ता जुळला.

पत्ता नोंदवताना नेटवर्कांची यादी आली. बिटकॉइनच्या खाली दुसऱ्या एका साखळीचं (ब्लॉकचेनचं) नाव होतं आणि शुल्क त्याच्या दहाव्या हिश्श्याचं. त्यांचं बोट तिकडेच गेलं. ते बिटकॉइन नव्हे, बिटकॉइनच्या नावाचं दुसऱ्या साखळीवरचं टोकन. त्यांचा पत्ता 'बीसी१'ने सुरू होणारा असल्यामुळे फॉर्मने तो घेतलाच नाही. स्टेबलकॉइन असता तर हा अडसर आला नसता. इथेरियम, पॉलिगॉन आणि बीएनबी साखळीवर पत्त्याचं रूप एकच, आणि ज्या साखळीवर घेणारं एक्स्चेंज ते नाणं स्वीकारत नाही तिथे पाठवलं की महिनोन्‌महिने पत्रव्यवहार करावा लागतो. पत्ता चिकटवल्यावर संगणकावरचा पत्ता आणि वॉलेटच्या छोट्या पडद्यावरचा पत्ता सुरुवातीपासून शेवटपर्यंत ताडून पाहिला. कॉपी केलेला पत्ता बदलून चोराचा पत्ता चिकटवणारे प्रोग्राम आहेत, आणि त्यातल्या काहींचा पत्ता पहिल्या-शेवटच्या काही अक्षरांत आपल्यासारखाच असतो.

दुसऱ्या दिवशी ठरल्या वेळी दोघं आले. आधी एक लाख सातोशी चाचणीला पाठवायचे म्हटल्यावर गृहस्थ कुरकुरले, कारण त्याचेही वीस हजार वेगळे जाणार होते. दोन कोटींवर ते ०.१ टक्का. रक्कम दोन लाखांची असती तर मीही चाचणी करा म्हटलं नसतं, पत्ताच आणखी एकदा ताडला असता. बिटकॉइनचा ब्लॉक, म्हणजे व्यवहारांची नोंद पक्की करणारा गठ्ठा, सरासरी दहा मिनिटांनी येतो, आमचा सतराव्या मिनिटाला आला. तोवर ते खिडकीपाशी जाऊन दोनदा परत आले. चाचणीची रक्कम दिसल्यावर उरलेली पाठवली आणि सहा ब्लॉक होईपर्यंत बसलो. मधल्या वेळात मुलीने दोन्ही दिवसांच्या व्यवहारांची यादी एक्स्चेंजवरून उतरवून घेतली: तारीख, वेळ, भाव, फी. पुढे विकताना करासाठी हेच लागतं, आणि एक्स्चेंज बंद पडलं की ते मिळत नाही.

मग त्यांनी वही उघडली आणि 'आले'खाली आकडा लिहिला: १,९९,२०,०००. शेजारी कंसात, बारीक अक्षरात: चाचणीचे २०,००० धरून.