रेनसूट घालायचा का?

मोटरसायकल क्लबची लंच राइड जेवणासाठी नसते, हे घरच्यांना केव्हाच कळलेलं असतं. शंभर-दीडशे किलोमीटर जायचं, तासभर बसून जेवायचं आणि तेवढंच अंतर परत यायचं, याला भुकेचं कारण पुरत नाही. पण निघायला निमित्त लागतं आणि पोटाइतकं सोज्वळ निमित्त दुसरं नाही. नुसतं ‘फिरून येतो’ म्हटलं की चार प्रश्न येतात. ‘जेवायला जातोय’ म्हटलं की एकच येतो, तोही रात्रीच्या स्वयंपाकाबद्दल.

उन्हाळ्यात मात्र या बेतात एक जन्मजात खोट आहे, आणि ती घड्याळात आहे. सकाळपासून ऊन जमीन तापवत असतं. जमिनीलगतची हवा गरम होते, हलकी होते, वर चढते. चढताना दर किलोमीटरला साधारण १० अंशांनी थंड होत जाते. पुरेशी थंड झाली की तिच्यातल्या वाफेचे थेंब होतात आणि थेंब होताना जी उष्णता सुटते ती त्या हवेला आणखी वर ढकलते. ढग उभाच्या उभा वाढत जातो, कधी १२ किलोमीटरच्याही वर. या सगळ्याला वेळ लागतो, म्हणून उन्हाळ्यातला गडगडाटी पाऊस बहुतेक वेळा दुपारनंतरच गाठतो. म्हणजे जाताना आकाश निरभ्र, आपण जेवत असताना तिकडे ढगही जेवतो, आणि बिल येतं तेव्हा दोघंही तट्ट फुगलेले.

प्रत्येक क्लबात एक जण स्वयंघोषित हवामान खातं असतो. आदल्या रात्रीपासून ग्रुपवर त्याचे नकाशे येऊ लागतात. ‘पावसाची शक्यता ४० टक्के’ हे वाक्य तो पाठवतो आणि प्रत्येक जण त्यातून आपल्याला हवं ते वाचतो. कुणी म्हणतो, साठ टक्के तर कोरडंच आहे. कुणाला वाटतं, दिवसातला ४० टक्के वेळ पाऊस पडणार. खरं तर अशी परिस्थिती शंभरदा आली तर त्यातल्या चाळीस वेळा त्या ठिकाणी पाऊस नोंदवला जाईल, एवढाच त्याचा अर्थ. त्यातून उद्याचा दिवस चाळिसांतला की साठांतला, हे कळायला निघावंच लागतं. सगळे निघतात. रेनसूट मात्र निम्म्यांच्याच सामानात असतो, आणि न आणणाऱ्यांचा आत्मविश्वास आणणाऱ्यांपेक्षा नेहमीच जास्त असतो.

जाताना त्रास उन्हाचा. वारा लागला की थंड वाटतं हा नियम एका मर्यादेपर्यंतच चालतो. त्वचेचं तापमान ३५ अंशांच्या जरा अलीकडे असतं. बाहेरची हवा त्याहून गरम झाली की अंगावर येणारा वारा उष्णता घेऊन जात नाही, आणून देतो. तेव्हा जॅकेट उघडं टाकून जाणाऱ्याला क्षणभर बरं वाटतं, पण घाम त्वचेवर टिकायच्या आतच उडून जातो आणि पाण्याची बाटली लवकर संपते. सिग्नलला उभं राहिलं की खालून इंजिन. याबाबतीत मोटरसायकल पहिल्या दिवसापासून प्रामाणिक आहे. १८८५ साली गॉटलीब डाइमलरनं बनवलेल्या लाकडी सांगाड्याच्या दुचाकीवर त्याचा मुलगा पाउल फेरी मारायला निघाला, तेव्हा इंधन पेटवणारी तापलेली नळी नेमकी बैठकीखाली असल्यानं बैठकीनंच पेट घेतला, असं सांगतात. तेव्हापासून सुधारणा पुष्कळ झाली. आता फक्त मांड्या भाजतात.

जेवणाबद्दल फारसं सांगण्यासारखं नाही. हेल्मेटनं चपट्या झालेल्या केसांनी सगळे जेवतात आणि बोलणं टायरवर येऊन थांबतं. पुढचं सगळं ठरतं ते ताटं उचलल्यावर. निघायचं म्हणून ग्लोव्हज हातात घेतले जातात, आणि नेमकं तेव्हाच कुणीतरी विचारतं, “गोड काय आहे?”

१९६१ साली एडवर्ड लोरेन्झ या हवामानशास्त्रज्ञानं संगणकावर हवामानाचं एक गणित पुन्हा चालवताना ०.५०६१२७ ऐवजी ०.५०६ एवढाच आकडा भरला. दशांशाच्या शेवटच्या तीन आकड्यांनी काय होतंय, असं कुणालाही वाटेल. थोड्या वेळानं त्या गणितातलं हवामान मूळ उत्तरापासून पार भरकटलं होतं. त्याला त्यासाठी संगणक लागला. आम्हाला एक वाटी गोड पुरतं. पुढचं टेबल वीस मिनिटांपूर्वी उठून गेलेलं असतं आणि ती माणसं कोरडी घरी पोचतात. एकटा गडगडाटी ढग अर्धा-पाऊण तासच जगतो, त्यामुळे वीस मिनिटं म्हणजे त्याच्या आयुष्याचा बराच मोठा भाग. नेमका तोच आपण त्याच्याखाली घालवतो.

परतीच्या वाटेवर पाऊस दिसायच्या आधी लागतो. हेल्मेटच्या हवेच्या छिद्रांतून तोवर भट्टीतली हवा येत असते, आणि एकाएकी कपाळावर गार झोत. ढगातली थंड झालेली हवा खाली आपटून चहूकडे पसरते, ती थेंबांच्या पुढे धावते. आता हातात काही मिनिटं असतात आणि निर्णय सगळ्यांत पुढे असणाऱ्या लीड रायडरचा. त्यानं थांबवलं आणि पाऊस आलाच नाही, तर महिनाभर ऐकून घ्यायचं. नाही थांबवलं आणि आला, तर वर्षभर. म्हणून शहाणा लीड थांबवतो.

रेनसूटची पँट रस्त्याच्या कडेला, बूट न काढता चढवणं हा वेगळाच खेळ आहे. ओल्या बुटाचं रबर अस्तराला असं चिकटतं की पाय ना पुढे, ना मागे. एका पायावर उड्या मारणारी ही धष्टपुष्ट माणसं, त्यांच्या मोठ्या गाड्या आणि त्याहून मोठ्या बाता, येणारी-जाणारी मुलं काचेला नाक लावून बघतात. जाणकार बुटावर आधी प्लास्टिकची पिशवी चढवतो. पाय सर्रकन आत जातो, पिशवी काढून पुढच्याला देतो. त्या मिनिटाला क्लबात अध्यक्षापेक्षा त्या पिशवीला मान असतो. एवढं करूनही बसल्यावर मांड्यांच्या मधोमध तळं साचतंच आणि ब्रेक लावला की ते टाकीकडे सरकतं.

पहिली दहा-पंधरा मिनिटं सगळ्यात वाईट. कोरड्या दिवसांत रस्त्यावर बसलेलं तेल, धूळ आणि टायरचा चुरा पाण्यात कालवला जाऊन त्याचा पातळ थर होतो. पाऊस टिकला तर तो वाहून जातो. तोवर चौकात, जिथे गाड्या थांबून तेल गाळतात, तिथे आणि रंगवलेल्या पट्ट्यांवर जपून. पुढच्या गाडीपासूनचं दोन सेकंदांचं अंतर चार सेकंदांचं होतं, आणि एरवी शेवटी राहावं लागतं म्हणून कुरकुरणारा स्वीप रायडर आता खूश असतो, कारण त्याच्या मागे कुणीच नसतं.

वीज चमकली की मात्र चर्चा बंद. चमक आणि गडगडाट यांत ३ सेकंद म्हणजे साधारण एक किलोमीटर. अंतर ३० सेकंदांच्या आत आलं की पक्क्या छपराखाली जायचं आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास तिथेच राहायचं. टायर रबराचे आहेत म्हणून काही होत नाही, असं म्हणणारा एक जण असतोच. मोटारीत माणूस वाचतो तो भोवतालच्या धातूच्या कवचामुळे, टायरमुळे नाही. आपल्याभोवती तर रेनसूटच आहे, तोही बऱ्याचदा शिवणीत गळणारा.

त्या अर्ध्या तासात, निथळत उभ्या असलेल्या कळपात, हवामान खातं तोंड उघडतं. सकाळी आकाश शांत असतं, त्यामुळे उन्हाळ्यापुरती ब्रेकफास्ट राइड करावी, पाचला निघून दहाला घरी, असा प्रस्ताव मांडतं. शास्त्रीयदृष्ट्या त्यात तसूभरही चूक नसते. कोण कोण येणार म्हणून विचारल्यावर सगळे एकदम बाहेर हात काढून पाऊस थांबला का ते बघायला लागतात.