एका लिफाफ्यात दुसरा लिफाफा

माझी आतेबहीण, आमची ताई, अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्यात, बक्स काउंटीतल्या (काउंटी म्हणजे आपल्याकडचा जिल्हा) डॉइल्सटाउनच्या जरा बाहेर राहते. २०२४च्या ऑक्टोबरात मी तिच्याकडे तीन आठवडे होते. निमित्त पानगळीचं. लाल-केशरी मेपल पोटभर बघितले, पण दर दुसऱ्या झाडाखाली राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीची एक पाटी. तारेच्या दोन पायांवर जमिनीत खोचलेली, हातभर रुंद. एका दारात 'ट्रम्प-व्हान्स', पुढच्या दारात 'हॅरिस-वॉल्झ', त्याच्या पुढे नुसताच हॅलोविनचा भोपळा.

"हे भोपळेवाले मत कुणाला देणार?" मी विचारलं.

"तेच तर कुणाला माहीत नाही, मावशी," ताईची मुलगी, माझी भाची म्हणाली. "म्हणून दोन्हीकडचे लोक त्यांचंच दार वाजवतात."

आपल्याकडे निवडणूक आधी कानावर येते. रिक्षावरचा भोंगा, कोपरासभा, 'ताई, माई, अक्का'. त्याच दिवसांत महाराष्ट्रात विधानसभेची २० नोव्हेंबर ही तारीख लागली होती आणि माझं व्हॉट्सअॅप उकळत होतं. इथे रस्त्यावर चिटपाखरू नाही. सगळा कल्ला टीव्हीत आणि पत्रपेटीत. गुळगुळीत रंगीत कार्डं रोज पाच-सहा यायची. ताई ती पसरून त्यावर मटार सोलायची.

एवढा मारा का, तर राज्याची १९ इलेक्टोरल मतं. राष्ट्राध्यक्ष याच मतांनी ठरतो, आणि राज्यात जो पुढे त्याला ती सगळीच्या सगळी. राष्ट्राध्यक्ष व्हायला लागतात २७०. २०१६ साली ट्रम्प इथे सुमारे ४४ हजार मतांनी जिंकले, २०२०मध्ये बायडन सुमारे ८० हजारांनी, आणि मतदान ६०-७० लाखांचं. त्यात बक्स काउंटी म्हणजे तराजूचा काटाच. मी असतानाच १६ तारखेला डेमोक्रॅट कमला हॅरिस वॉशिंग्टन क्रॉसिंगला ट्रम्प यांच्याच पक्षातल्या काही रिपब्लिकनांना बरोबर घेऊन सभा करून गेल्या. १७७६च्या नाताळच्या रात्री जॉर्ज वॉशिंग्टननी डेलावेअर नदी ओलांडली ती ही जागा. मग २० तारखेला ट्रम्प फीस्टरव्हिलच्या मॅकडोनाल्ड्समध्ये एप्रन बांधून फ्रेंच फ्राइज भरून गेले. मी दोन्ही टीव्हीवरच पाहिलं. पंधरा-वीस मैलांवर घडलेलं टीव्हीवर बघायला मजा वाटते.

एक जाहिरात मात्र डोक्यात बसली. ट्रम्प यांच्या बाजूची. शेवटी आवाज येतो : कमला 'दे-देम'साठी, ट्रम्प तुमच्यासाठी. मला काही केल्या कळेना. भाचीने समजावलं. स्वतःला 'तो' किंवा 'ती' म्हणवून न घेणारी काही माणसं एकट्या स्वतःसाठीही 'दे', म्हणजे 'ते' हे अनेकवचन वापरतात, त्यावरची ती कोटी. एका सर्वनामावरून देश भांडतोय? मला हसूच आलं. आमच्या आजीने उभ्या जन्मात आजोबांना एकवचनात हाक मारली नाही. 'हे' आले, 'ते' जेवले. एका माणसासाठी अनेकवचन वापरायला मराठी बाईला कुणी शिकवायला नको! भाची हसली नाही. तिच्या वर्गात असं एक मूल आहे आणि ती जाहिरात फुटबॉलच्या मॅचमध्ये दर थोड्या वेळाने लागते, म्हणाली. मी गप्प बसले.

त्यांच्या घरात हे भांडण टीव्हीच्या आधी शाळेतून आलं होतं. सेंट्रल बक्स ही राज्यातल्या मोठ्या शालेय डिस्ट्रिक्टांपैकी, म्हणजे सरकारी शाळांच्या विभागांपैकी, एक. २०२२मध्ये तिथल्या निवडून आलेल्या बोर्डाने ग्रंथालयातल्या पुस्तकांच्या लैंगिक मजकुराबद्दल धोरण केलं. पुढच्या जानेवारीत वर्गात समलिंगी आणि ट्रान्सजेंडर लोकांच्या पाठिंब्याचे इंद्रधनुषी झेंडे लावायला बंदी आली. बोर्डाच्या बैठका, ज्यांना एरवी कुत्रं फिरकत नाही, त्या रात्र-रात्र चालायला लागल्या. एकीकडे 'आमच्या पोरांनी काय वाचावं ते आम्ही ठरवू' म्हणणारे पालक, दुसरीकडे 'मग आमच्या पोरांचं काय' म्हणणारे. नोव्हेंबर २०२३मध्ये बोर्डाच्या पाच जागांची निवडणूक झाली, त्यात डेमोक्रॅट्सनी पाचही जिंकल्या. ताई तेव्हा त्यांच्यासाठी घरोघरी फिरली होती. शेजारच्या घरातली बाई त्याआधी तिच्याबरोबर रोज चालायला जायची. आता जात नाही. भांडण झालं का, विचारलं तर ताई म्हणाली, "नाही गं. भांडलो असतो तर मिटलं तरी असतं."

त्या घरावर ट्रम्प यांचा झेंडा. आणि शनिवारी सकाळी त्या बाईचा नवरा पानं उडवायचं मशीन घेऊन स्वतःच्या अंगणाबरोबर ताईचीही कडेची पट्टी साफ करून गेला. हॅरिसच्या पाटीभोवती मशीन नीट फिरवलं, पाटी हलू दिली नाही.

घरातलं गुपित वेगळंच होतं. इथे मतदारयादीत नावापुढे पक्ष लिहिलेला असतो. ताई डेमोक्रॅट, भावोजी कुठल्याच पक्षात नाहीत. त्यांचं मत काय ते तिला खरंच ठाऊक नव्हतं. पोस्टाने आलेल्या मतपत्रिका घेऊन एका संध्याकाळी दोघं बसले : ती जेवणाच्या टेबलावर, ते वरच्या खोलीत. मतपत्रिका आधी एका आतल्या लिफाफ्यात, तो लिफाफा बाहेरच्यात, त्यावर सही आणि तारीख. आतला लिफाफा विसरला तर मत बाद. त्याला इथे 'नेकेड बॅलट' म्हणतात. भावोजी खाली आले ते दोन्ही लिफाफे चिकटवूनच. चकल्या तळता तळता मी दोघांकडे आळीपाळीने बघत होते.

लिफाफा ज्याचा त्यानेच नेऊन द्यायचा, नवऱ्याचा बायकोने दिलेलाही चालत नाही. म्हणून २८ तारखेला आम्ही सगळेच काउंटीच्या कचेरीत गेलो. बाहेर लांबलचक रांग, ती जागेवर मतपत्रिका घेऊन भरणाऱ्यांची. (पुढे कोर्टाने बक्स काउंटीपुरती अशी मतपत्रिका मागायची मुदत १ नोव्हेंबरपर्यंत वाढवली.) पेटीपाशी दोघांनी आपापला लिफाफा टाकला. गाडीत बसल्यावर भावोजी म्हणाले, "कॉफी घ्यायची का?" ताई म्हणाली, "घेऊ." झालं.

निकाल लागला तेव्हा मी कोल्हापुरात होते. काउंटी ट्रम्प यांच्याकडे गेली, तीही काही शे मतांनी. १९८८नंतर रिपब्लिकन उमेदवाराला ती पहिल्यांदाच मिळाली. मी ताईला फोन केला. भावोजींना विचारलंस का, हे ओठांवर आलं होतं, पण ते बहुधा शेजारीच बसलेले होते.

"पाटी काढलीस?"

"कधीच. कागद टाकला रिसायकलमध्ये. तारा ठेवल्यात, उन्हाळ्यात टोमॅटोला लागतील."