पोस्टग्रेस तेच, पण ओएस बदललं की नावांचा क्रम बदलतो

बेळगाव, खानापूर, निपाणी भागात पतसंस्था, वाचनालयं, शाळा यांची सॉफ्टवेअरं सांभाळणाऱ्यांना एक सांगायलोय, पोस्टग्रेसचं (म्हणजे माहिती साठवणाऱ्या डेटाबेसचं) व्हर्जन कुठलं एवढं विचारून थांबू नका, ते कुठल्या ओएसवर (विंडोज, लिनक्स अशा ऑपरेटिंग सिस्टिमवर) चालतंय तेही लिहून ठेवा.

कारण वेगळं काही सांगितलं नसेल तर पोस्टग्रेस नावांचा क्रम स्वतः ठरवत नाही, ओएसला विचारतं. लिनक्सवर बहुतेक ठिकाणी ग्लिबसी ही सिस्टिमची लायब्ररी, विंडोजवर विंडोजचे नियम, आणि अल्पाइन या छोट्या लिनक्सच्या डॉकर इमेजमध्ये (तयार पॅकेजमध्ये) ग्लिबसीच्या जागी जी मसल लायब्ररी असते तिला भाषेप्रमाणं क्रम लावताच येत नाही, तिथं सरळ युनिकोडनं प्रत्येक अक्षराला दिलेल्या नंबरानं लागतं. युनिकोडमध्ये ळ हा ल च्या लगेच नंतर आहे म्हणून काळे आधी आणि कासार नंतर, आपल्या वर्णमालेत ळ शेवटी म्हणजे बरोबर उलटं पाहिजे. क्षीरसागर तर कोरेंच्याही खाली क मध्येच जातात. आणि आपल्याकडं एकाच यादीत मराठी आणि कन्नड दोन्ही लिप्या असतात, मग सगळी कन्नड नावं सगळ्या मराठी नावांच्या खाली. सभासदाला आपलं नाव यादीत सापडलं पाहिजे की नको?

यादीचं तरी डोळ्याला दिसतं, इंडेक्सचं (नाव पटकन सापडावं म्हणून डेटाबेस आतल्या आत क्रमानं लावून ठेवतो त्या यादीचं) दिसत नाही आणि मला खरी काळजी त्याची वाटते. 2018 मध्ये ग्लिबसी 2.28 आलं, त्यात क्रमाचे नियम बरेच बदलले, डेबियन 10 आणि रेड हॅट 8 मध्ये तेच आहे. जुन्या ओएसवर बनलेला इंडेक्स जुन्या क्रमात लावलेला असतो, नवीन ओएस त्यात नवीन क्रमानं शोधतं, मग टेबलमध्ये असलेलं नाव सापडत नाही, युनिक इंडेक्स (एक नाव दुसऱ्यांदा घेऊ न देणारा) असूनही तेच नाव दोनदा घुसू शकतं, आणि एरर काहीच येत नाही!

म्हणून ओएस बदलताना डेटा फोल्डर उचलून नेऊ नका, डंप (सगळ्या डेटाची वेगळी फाइल) घेऊन नवीन ठिकाणी रिस्टोअर करा, त्यात इंडेक्स नव्यानं बनतात. फोल्डर नेलाच असेल तर आधी रीइंडेक्स करा, म्हणजे इंडेक्स परत बनवा.

कायमचं हवं असेल तर आयसीयू वापरा, ही भाषेप्रमाणं क्रम लावणारी, ओएसपेक्षा वेगळी लायब्ररी आहे. पोस्टग्रेसच्या व्हर्जन 10 पासून कॉलमला मराठी क्रम देता येतो, 15 पासून अख्ख्या डेटाबेसला आयसीयू लावता येतं, मग लिनक्स काय विंडोज काय, आयसीयूचं व्हर्जन एक असलं की क्रम एकच. आयसीयूचं व्हर्जन बदललं तर पोस्टग्रेस वॉर्निंग देतं, ती दिसली की तिथंही रीइंडेक्स करायचं.