शेंड्यातला कण

आमच्या वारणाकाठी ऊस कुणाच्या घरी नाही? ढेकळं फोडायला, पाचट ओढायला, वाढे म्हणजे उसाचे हिरवे शेंडे आणायला आम्ही सगळेच जात होतो. ऊस हा शाळेत शिकण्याचा विषय असेल, असं मात्र कधी मनात आलं नव्हतं. पुस्तकात जास्वंदीचं फूल होतं, घेवड्याचं बी होतं. विज्ञानाच्या बाईंनी ते दोन्ही मन लावून शिकवलं आणि दुसऱ्या दिवशी मुळ्या-वाढ्यासकट एक अख्खा ऊस वर्गात आणवला. टेबलावर मावेना, म्हणून दोन बाक जोडून त्यावर आडवा ठेवला.

बाईंनी पाचट सोललं. प्रत्येक पानाच्या बुडाशी एकच डोळा, म्हणजे नव्या फुटीचा कोंब. एक या अंगाला, तर त्याच्या वरचा त्या अंगाला. डोळ्याच्या पातळीवर कांडीभोवती बारीक ठिपक्यांचं कडं होतं. "टिपरी, म्हणजे उसाचा तोडलेला तुकडा, लावल्यावर पहिली मुळं इथूनच फुटतात," बाई म्हणाल्या. टिपऱ्या लावून आमचे हात सोलवटले होते, पण ते ठिपके आम्ही त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले.

मग शेंडा. एकेक पान सोलत जायचं आणि मोठ्यानं मोजायचं. बाहेरची पानं हिरवी, आतली पिवळट, त्याच्याही आतली पांढरी आणि ओलसर. शेवटी ब्लेडच्या टोकावर खसखशीच्या दाण्याहून लहान असा एक पांढरा कण उरला. नवं पान, नवी कांडी, नवा डोळा, सगळं तिथं तयार होतं. त्या शेंड्याकडून ऑक्झिन नावाचं वाढीचं संप्रेरक खाली उतरतं आणि बाजूचे डोळे झोपलेले राहतात. म्हणून उभ्या उसाचे डोळे सहसा फुटत नाहीत आणि तोडून लावलेल्या टिपरीचे फुटतात. आमचे आबा हे वर्षानुवर्षं करत होते. कारण मला आठवीत समजलं आणि त्या रात्री जेवताना मी ते त्यांना सांगितलं. त्यांनी घास हातात धरून ऐकलं.

लाल शाईचा प्रयोग तेरड्यावर सगळ्याच शाळांत होतो. तेरड्याच्या खोडात जलवाहिन्या नीट कड्यात लागलेल्या दिसतात. बाईंनी उसाचं पानासकट वाढंही शाईत उभं केलं. दुसऱ्या दिवशी आडवा काप घेतला, तर लाल ठिपके चकतीभर विखुरलेले, मध्ये विरळ आणि सालीकडे दाट. द्विदल आणि एकदल यांतला हा फरक मला तेव्हापासून पाठ करावा लागला नाही.

त्याच वर्षी आमच्या आडसाली, म्हणजे आदल्या पावसाळ्यात लावलेल्या, उसाची तोड लांबली आणि फड तुऱ्यांनी पांढरा झाला. येणाऱ्या-जाणाऱ्याला तो देखावा सुंदर वाटायचा, आबा मात्र बांधावर गप्प उभे असायचे. मी तुरा घेऊन बाईंकडे गेलो. पावसाळ्याच्या उत्तरार्धात दिवस लहान होत साधारण साडेबारा तासांवर येतो. हवा दमट असते, रात्री फार थंड नसतात. तेव्हा पुरेशा कांड्या धरलेल्या उसाचा तो शेंड्यातला कण पानं घडवणं थांबवून तुरा घडवू लागतो. तुरा डोळ्यांना दिसतो तो पुढं ऑक्टोबर-नोव्हेंबरात. एकदा तुरा आला की त्या उसाला नवी कांडी नाही. शेंड्याचा धाक सुटतो, वरचे डोळे फुटून पांगशा, म्हणजे बाजूच्या फुटी, येतात आणि ऊस तसाच उभा राहिला तर दशी पडून, म्हणजे आतून भेंडासारखा कोरडा होऊन, वजन घटतं. आबांच्या गप्प राहण्याचा अर्थ मला त्या दिवशी कळला.

तरीही बाईंनी भिंग हातात दिलं. रेशमासारख्या पांढऱ्या केसांत जोडीजोडीनं बसलेली इवली फुलं, त्यांतून लोंबणारे तीन पुंकेसर आणि जांभळट पिसांसारख्या दोन कुक्षी. आमच्याच फडात हे दरसाल उघडत होतं!

पुढं कृषी पदविकेला असताना मी आंबोलीला वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटचं ऊस प्रजनन केंद्र पाहिलं. आम्ही ज्याला भितो, त्या तुऱ्यासाठी तिथं माणसं वाट पाहतात, कारण तुऱ्याशिवाय संकर नाही. १९१२ साली कोइमतूरला ऊस पैदास संस्था उभी राहिली, तीही याच कामासाठी. आपल्याकडं घरोघरी असलेला को ८६०३२ हा उसाचा वाण तिथलाच, को ६२१९८ आणि कोसी ६७१ यांच्या संकरातून आलेला. म्हणजे आमच्या फडातल्या प्रत्येक टिपरीमागं कधीतरी एक तुरा फुललेला आहे.

आज माझी उसाची रोपवाटिका आहे. एकेक डोळा काढून कोकोपीटच्या ट्रेमध्ये ठेवतो, तेव्हा ठिपक्यांचं कडं शाबूत आहे ना, हे आधी पाहतो. कामाला येणाऱ्या नव्या पोरांनाही तेच आधी दाखवतो.

शाळेच्या महोत्सवाच्या प्रदर्शनात विज्ञानाच्या टेबलासाठी मी एक अख्खा ऊस आणि दोन भिंगं पाठवतो आहे. शेंडा सोललेला नाही. तो मुलांनी सोलायचा आहे, पानं मोठ्यानं मोजत.