समल्योत आणि सतरंजी

परवा दुपारी वॉर्सोला निघालेल्या भाच्याने दिल्लीहून विमानाचा फोटो पाठवला. शेपटीवर गोलात एक क्रौंच पक्षी आणि अंगावर हे एवढ्या मोठ्या अक्षरांत ‘लॉट’. आई म्हणाली, हे काय, लॉट? आमच्या घरात लॉट म्हणजे साड्यांचा, नाहीतर आंब्याचा, ज्यातली एक पेटी हमखास डागी निघते. पण ही पोलिश कंपनी १९२९ पासून तेच नाव लावून उडतेय, कारण त्यांच्यात लॉट म्हणजे उड्डाण. बास, विषय संपला.

माझा कुठला संपायला, दुपारची झोप गेली. चेक लोक उड्डाणाला लेत म्हणतात, सर्बियात, स्लोव्हेनियात पण लेतच, रशियात पल्योत. विमानतळ पोलंडमधे लोत्निस्को, स्लोव्हाकियात लेतिस्को, बल्गेरियात लेतिश्ते. क्रोएशियावाल्यांनी तेवढं कागदोपत्री विमानाला झ्राकोप्लोव असं भारदस्त नाव दिलंय आणि बोलताना सरळ अव्हिऑन म्हणतात, आपण नाही का विमानतळ लिहितो आणि एअरपोर्टला जातो.

मी अडकलो ते रशियन ‘समल्योत’पाशी. विमानच, पण अर्थ आपलं आपण उडणारं, आणि शब्द विमानाच्याही आधीचा! परीकथेतला उडता गालिचा तो ‘कव्योर-समल्योत’. वास्नेत्सोव या चित्रकाराने तो १८८० साली रंगवलाय, राजपुत्र गालिच्यावर ताठ उभा, जवळ पिंजऱ्यात झगझगता अग्निपक्षी, खाली लांबवर नदी. राइट बंधू उडाले १९०३ला.

लहानपणी आमच्याकडे गुळगुळीत कागदाची, स्वस्तातली रशियन गोष्टींची मराठी पुस्तकं होती, मामा प्रदर्शनातून गठ्ठाच उचलून आणायचा. ती वाचून मी आणि ताईने आजीची पट्ट्यापट्ट्यांची सतरंजी गच्चीत नेली, चांगली झटकून पसरली, एका टोकाला ती बसली, दुसऱ्या टोकाला मी, आणि मधे कोणी उतरू नये म्हणून बरोबर शेंगदाण्याची पुडी. सतरंजी हलली नाही, पण झटकताना शेजारी वाळत घातलेल्या सांडग्यांवर गच्चीतली सगळी धूळ बसली, आईने दोघांना धुतलं. आजी मात्र म्हणाली, मारतेस काय, तुकोबांना न्यायला आलं ते विमान काय इंजिनावर आलं होतं?

युक्रेनमधे विमानाला लिताक म्हणतात. २४ फेब्रुवारी २०२२ ला तिथली प्रवासी विमानं बंद झाली आणि मेडिकलला गेलेली आपली पोरं, त्यात महाराष्ट्रातलीही कितीतरी, थंडीत बॅगा ओढत बॉर्डरपर्यंत गेली, कोणी पोलंडमधल्या झेशूफहून परतलं, कोणी स्लोव्हाकियातल्या कोशित्सेहून. आमच्या कॉलनीतली एक मुलगी होती त्यांच्यात. तिला कौतुकाने हे लोत्निस्को, लेतिस्को सांगायला गेलो तर म्हणाली, काका, अक्षरं कोण वाचतंय, आम्ही बोर्डावर नुसतं विमानाचं चित्र शोधत होतो.