दहा वर्षांची मुलगी, दहा सेंटिमीटरचा बीम

ही मुलगी आमच्या जिम्नॅस्टिक्स क्लबमध्ये माझ्याकडे शिकायला आली तेव्हा आठ वर्षांची होती आणि रोप मल्लखांब करायची. महाराष्ट्रात जिम्नॅस्टिक्सकडे अशी बरीच मुलं वळतात, त्यामुळे त्यांच्यात काय तयार असतं आणि काय कमी असतं, ते लवकर कळतं. दोर पायाच्या अंगठ्यात आणि शेजारच्या बोटात धरायची सवय, म्हणून बोटांची पकड जबरदस्त. पोट घट्ट. डोकं खाली, पाय वर झाले तरी बावरायची नाही. कमी होती ती रेटण्याची ताकद. दोरावर शरीर ओढून धरायचं असतं, इथे हातांनी जमीन खाली रेटून वर जायचं असतं. तिच्या हँडस्टँडमध्ये खांदे खचायचे आणि कमरेत कमान पडायची.

पालकांना कौतुक असतं ते स्प्लिटचं. मी स्प्लिट सगळ्यांत शेवटी बघते, कारण लवचिकता बरीचशी कमावता येते. आधी बघते ते उतरणं: गुडघाभर उंचीच्या बॉक्सवरून उडी मारली की गुडघे आत वळतात का, टाचा आपटतात का. आणि दुसरं, सांगितलेली दुरुस्ती किती टिकते. "कान दंडांच्या मध्ये ठेव," एवढंच तिला सांगितलं होतं. तिने लगेच ठेवले, आणि पुढच्या आठवड्यात न सांगताही ते तिथेच होते. लगेच करणारी मुलं पुष्कळ असतात. टिकवणारी फार थोडी.

पहिलं वर्ष जवळजवळ आकार घडवण्यातच गेलं. भिंतीकडे पोट करून हँडस्टँड, हात भिंतीपासून वीतभर अंतरावर, फासळ्या आत, पूर्ण एक मिनिट. मग होलो: पाठीवर झोपून कंबर जमिनीला चिकटवायची, खांदे आणि पाय थोडेसे उचलायचे, तीस सेकंद. कमरेखालून माझी बोटं सरकली की मोजणी पुन्हा एकपासून. काम कंटाळवाणं आहे, पण बारवरचा कास्ट (बारवर हात टेकून पाय मागे वर झोकणं), व्हॉल्टवर, म्हणजे धावत येऊन उडी मारायच्या टेबलावर, हातांनी मारायचा धक्का आणि फ्लोअरवरची फ्लिक (मागे उडी मारून हातांवरून पुन्हा पायांवर येणं), सगळीकडे हाच आकार लागतो.

वडील उत्साही. "मॅडम, दीपासारखी प्रोदुनोवा कधी?" हा प्रश्न आता प्रत्येक बॅचमध्ये कुणी ना कुणी विचारतंच. प्रोदुनोवा म्हणजे व्हॉल्टवरून हातांनी उसळून हवेत पुढे दोन कोलांट्या घ्यायची, फार अवघड उडी. भारताची जिम्नॅस्ट दीपा कर्माकर आगरतळ्यात सहाव्या वर्षी सरावाला लागली तेव्हा तिचे तळपाय सपाट होते. ग्लासगोच्या राष्ट्रकुल स्पर्धेतलं तिचं व्हॉल्टचं ब्राँझ २०१४ मधलं. २०१६ मध्ये रिओ ऑलिंपिकमध्ये व्हॉल्टला १५.०६६ गुण मिळवून ती चौथी आली तेव्हा तेवीस वर्षांची होती. आंतरराष्ट्रीय सीनियर गटात मुलीला त्या वर्षी सोळा पूर्ण होत असतील तरच उतरता येतं. दहा वर्षांच्या मुलीच्या हाताशी अजून सहा वर्षं असतात आणि ती वापरायची असतात, हे मी त्यांना अनेकदा सांगितलं.

फ्लिक तिला फ्लोअरवर छान बसली होती. यात नेहमी चुकतं ते सुरुवातीलाच. खुर्चीत बसावं तसं मागे बसायचं असतं, पण मुलं गुडघे पायाच्या बोटांच्या पुढे नेतात. मग वजन मागे जातच नाही, उडी उंच आणि आखूड होते, हात पायांच्या अगदी जवळ पडतात, कोपरं वाकतात आणि डोकं आपटायची भीती असते. तीच फ्लिक बीमवर, म्हणजे तोल सांभाळायच्या अरुंद तुळईवर, आणताना आमचा क्रम ठरलेला असतो: आधी फ्लोअरवर आखलेली रेघ, मग जमिनीवर टेकवलेला बीम, मग बुटका बीम, मग १२५ सेंटिमीटरचा पूर्ण उंचीचा बीम, पण दोन्ही बाजूंना बीमच्या पातळीपर्यंत मॅट रचून. रेषेत, न डळमळता ओळीने दहा झाल्या तरच एकेक मॅट काढायची. ती या सगळ्यातून रीतसर गेली होती, म्हणूनच आंतरक्लब स्पर्धेसाठी तिच्या बीमच्या रचनेत फ्लिक ठेवली होती.

स्पर्धेच्या सकाळी वॉर्म-अपमध्ये ती पडली. पुन्हा चढली, पुन्हा पडली, आणि दोन्ही वेळा डावीकडेच. मुलं घाबरून पडतात तेव्हा कधी इकडे पडतात, कधी तिकडे, बऱ्याचदा तर उडीच अर्धवट सोडतात. हिची उडी पूर्ण होती. मी बीमवर वाकून पावडरचे ठसे बघितले. उजव्या हाताचा पंजा मधोमध, डाव्याचा अर्धा कडेबाहेर. म्हणजे हात चुकत नव्हते, कंबरच डावीकडे सरकून येत होती. उजवा पाय जास्त रेटत होता, कारण डावा हातचं राखून रेटत होता. फ्लोअरवर एवढा फरक लक्षात येत नाही. दहा सेंटिमीटरच्या रुंदीवर त्याच फरकाने मुलगी खाली येते.

तिला खाली बसवलं आणि डावी टाच दोन्ही बाजूंनी बोटांत धरून दाबली. तिने पाय झटकन ओढून घेतला.

"कधीपासून दुखतंय गं?"

"थोडंसंच दुखतं, ताई. उड्या मारल्यावर."

आठ ते चौदा या वयात हे खूप दिसतं. टाचेच्या हाडाची वाढ जिथे चालू असते ती जागा मऊ असते. हाड भराभर वाढतं, पोटरी त्या मानाने आखूड पडते, तिची शीर नेमकी त्याच जागी ओढत राहते, आणि आमच्या खेळात ही मुलं कठीण मॅटवर अनवाणी उतरत असतात. पावसाळ्यानंतर तिची उंची चांगलीच वाढली होती, आमच्या दरमहाच्या वहीत ते दिसत होतं.

व्हॉल्ट आणि फ्लोअरमधून नाव काढलं. बीम ठेवला, पण फ्लिकच्या जागी बॅक वॉकओव्हर घातला, म्हणजे उडी न मारता मागे कमान करून हातांवरून पाय पलीकडे टाकणं. त्यात पाय एकामागून एक येतात, टाचेवर आदळत नाहीत. शेवटचं उतरणंही साधं केलं. वडील नाराज झाले, म्हणून कागदावर हिशेब मांडून दाखवला: अवघडपणाच्या गुणांत फ्लिक बी दर्जाची, ०.२. वॉकओव्हर ए दर्जाचा, ०.१. तोटा एका दशांशाचा. बीमवरून पडलं तर पूर्ण एक गुण जातो. आणि दुखऱ्या टाचेवर उतरवण्याची किंमत कुठल्याच गुणपत्रिकेत लिहिलेली नसते. ते गप्प झाले, पण त्यांना पटलं.

तिने रचना न पडता पूर्ण केली. वळताना एकदा डोलली. वॉकओव्हरमध्ये मात्र हातांवर आल्या क्षणी खांदे पूर्ण उघडे, कान दंडांच्या मध्ये, पाय फाकलेले आणि ताठ. शेजारच्या क्लबच्या प्रशिक्षक बाई मान वळवून बघत राहिल्या. पदक मिळालं नाही. अवघड घटक कमी असल्याने ते मिळणार नव्हतंच. पण या वयात मला वाव दिसतो तो अशा स्वच्छ कामात.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी टाचेबद्दलचा अंदाज पक्का केला. उड्या आणि धावणं बंद, रोज पोटरी ताणणं, सरावानंतर दहा-पंधरा मिनिटं बर्फ, शाळेच्या बुटात टाचेखाली मऊ गादी. आणि बर्फ लावून दुखणं दाबलं की लगेच सरावाला, हे चालणार नाही, असं तिच्या आईला बजावून सांगितलं. बहुतेक ठिकाणी गाडं तिथेच अडतं.

टाच सावरेपर्यंत ती फक्त बारवर होती. तिथे मल्लखांबाची ओढ कामाला आली. किपमध्ये, म्हणजे बारला लटकून झोक्याने बारच्या वर येण्यात, झोका पूर्ण पुढे गेल्यावर पायांचे घोटे बारपाशी आणायचे आणि बार मांड्यांवरून कमरेपर्यंत ओढून घ्यायचा. मुलं घाईने घोटे आधीच उचलतात आणि लटकून राहतात. हिला थांबता येत होतं, आणि थांबल्यावर ओढायला ताकदही होती. आधाराशिवायची पहिली किप तिला त्याच काळात जमली. टाच दाबल्यावर दुखेनाशी झाली तेव्हा फ्लिक पुन्हा सुरू केली, फ्लोअरवरच्या रेघेपासून.