टॅब तापतोय? आधी पाठीवर हात ठेवा

बहुतेक टॅबलेटना पंखा नसतो. आतली उष्णता बाहेर पडते ती पाठीच्या पत्र्यातून आणि पुढच्या काचेतून. त्यामुळे तासभर व्हिडिओ कॉल चालला की चांगला टॅबही पाठीला कोमट लागतो. तो लागायलाच हवा, कारण उष्णता बाहेर येतेय. काळजी करायची ती हात ठेवून धरवत नसेल तेव्हा, किंवा काही न करता पडून असलेला टॅब गरम लागेल तेव्हा.

कुठे गरम आहे यावरून निम्मं निदान होतं. कव्हर काढा आणि पाठीवरून तळहात फिरवा. एखाद्या छोट्या जागेतच चटका बसत असेल तर प्रोसेसर जुंपलेला आहे. मधला मोठा भाग सगळा सारखाच गरम असेल तर बॅटरीकडे बघा, बहुतेक टॅबमध्ये ती जागा तिनेच व्यापलेली असते. फक्त चार्जिंग पोर्टपाशी चटका बसत असेल तर आतलं काही तपासण्याआधी केबल आणि पोर्ट तपासा.

पोर्टचं दुखणं सर्वात स्वस्तात बरं होतं आणि सर्वात जास्त दुर्लक्षिलं जातं. पिशवीतला सुताचा भुगा आत दाबून बसतो, प्लग पुरता बसत नाही आणि जोडाचा रेझिस्टन्स, म्हणजे विजेला होणारा अडथळा, वाढतो. उष्णता करंटच्या वर्गाच्या पटीत वाढते. जोडात ०.२ ओहम असेल तर २ अँपिअरला ०.८ वॅट, पण ३ अँपिअरला १.८ वॅट, आणि तेही नखाएवढ्या जागेत! टॅब बंद करा, टॉर्च मारून बघा आणि लाकडी टूथपिकने भुगा हळूच बाहेर ओढा. सुई-टाचणी नको, पिना शॉर्ट होतील. तोंडाने फुंकूही नका, वाफ आत जाते. प्लगचं प्लास्टिक तपकिरी पडलं असेल किंवा पिना काळवंडल्या असतील तर ती केबल फेकून द्या.

जास्त वॅटच्या चार्जरने टॅब जळतो हा समज मात्र सोडा. चार्जर चांगला असेल तर टॅब मागेल तेवढीच वीज तो देतो. फास्ट चार्जिंगने उष्णता वाढते, हे खरं. ३० वॅटने चार्ज करताना दहा टक्के वाया गेले तरी ३ वॅट नुसती उष्णता होते. वर गेम चालू असेल तर दोन्हींची उष्णता त्याच पाठीवरून जायची असते. चार्जिंग आणि गेम एकाच वेळी नको, एवढं पाळलं तरी बऱ्याच तक्रारी मिटतात.

प्रोसेसरवर संशय असेल तर सेटिंग्जमध्ये बॅटरीचा वापर उघडा. जे ॲप तुम्ही उघडलंच नाही ते यादीत वर असेल तर चोर सापडला. मोठ्या अपडेटनंतर टॅब फोटोंची आणि फाइलींची अनुक्रमणिका नव्याने बांधत बसतो, तेव्हा एखादा दिवस वाट पाहा, लगेच रिसेट मारू नका. सिमवाल्या टॅबमध्ये रेंज कमी असेल तर मोडेम (मोबाइल नेटवर्कशी जोडणारा भाग) जास्त ताकदीने सिग्नल फेकतो आणि तापतो, तिथे वायफाय वापरा. जुन्या टॅबच्या चिपमध्ये एव्ही१ (व्हिडिओ आवळून ठेवण्याची नवी पद्धत) व्हिडिओ उलगडणारा भाग नसतो. मग ते काम प्रोसेसरच्या बोकांडी बसतं. रिझोल्यूशन ७२० वर आणलं की फरक लगेच जाणवतो. व्हिडिओ कॉल तर सगळ्यात जड, कारण कॅमेरा, जाणारा व्हिडिओ आवळणं (एन्कोडिंग), येणारा उलगडणं (डिकोडिंग), वायफाय आणि स्क्रीन एकदम चालतात. ब्राइटनेस निम्मा करून बघा.

बाहेरची हवाच तापलेली असेल तर यातलं काहीच पुरत नाही. आयपॅड ० ते ३५ अंश सेल्सिअसमध्ये वापरावा आणि बंद ठेवायचा झाला तरी ४५ अंशांवर नको, असं ॲपल सांगतं. उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीत पारा याच्या सहज वर जातो. तापलेला टॅब स्वतःच स्क्रीन मंद करतो, वेग कमी करतो, चार्जिंग थांबवतो. ८० टक्क्यांवर अडकलेलं चार्जिंग पाहून चार्जर बदलायला धावू नका, आधी टॅब थंड होऊ द्या. किंवा ८० टक्क्यांची मर्यादा सेटिंगमध्ये लावलेली आहे का ते बघा.

थंड करायचा तर प्लग काढा, कव्हर काढा, एअरप्लेन मोड लावा आणि सावलीत उभा टेकवून ठेवा, म्हणजे दोन्ही बाजूंनी हवा लागते. टेबल फॅनचा वारा चालेल. फ्रिज नको, आत दव धरतं. गादीवर किंवा उशीवर ठेवून चार्ज करणं म्हणजे टॅबला दुलई पांघरणं.

बॅटरी फुगली आहे का हे आठवड्यातून एकदा बघा, विशेषतः भिंतीला लावलेल्या किंवा कायम प्लगला असलेल्या टॅबची. १०० टक्के चार्ज आणि सततची ऊब, दोन्ही मिळून बॅटरीचं आयुष्य लवकर संपवतात. आत वायू धरतो आणि ती उशीसारखी फुगते. सपाट टेबलावर ठेवून कोपरा दाबला की टॅब डुगडुगतो, काच आणि कडेमध्ये फट दिसते, स्क्रीनवर फिकट डाग येतात. यातलं एक जरी दिसलं तरी चार्जर काढा, टॅब बंद करा आणि जळाऊ वस्तूंपासून लांब ठेवा. पाठ दाबून बसवू नका, घरी उघडू नका. दुरुस्तीवाल्याकडे देताना बॅटरी फुगली आहे हे आधी सांगा.